करवीर क्षेत्रदर्शन : देवीदर्शनानंतर काय पाहावे?

करवीरनिवासिनी श्री महालक्ष्मी अर्थात श्री अंबाबाई ही महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी एका पूर्ण पीठाची अधिष्ठात्री देवता होय. तुळजापूरची श्री भवानी व माहूरची श्री रेणुका ही अन्य दोन पूर्ण पीठे आणि वणीची श्री सप्तशृंगी हे अर्धे पीठ मानले जाते. तिरुपतीच्या यात्रेची सांगता करवीरच्या दर्शनाने व्हावी, अशीही श्रद्धा आहे. त्यामुळे महाराष्ट्राबरोबरच कर्नाटक, आंध्र व तेलंगणातील भाविक येथे बारमाही येत असतात. नवरात्रात तिरुपतीहून देवीस मानाचा शालू येतो, तो याच भावबंधाची खूण आहे.

परगावच्या भाविकांचा येथील क्रम बहुधा ठरलेला असतो. पहाटे उतरावे, स्नान करून रांगेत उभे राहावे, देवीची ओटी भरावी, प्रसाद घ्यावा आणि दुपारच्या गाडीने जोतिबाकडे अथवा परतीच्या वाटेला लागावे. यात देवीचे दर्शन घडते, परंतु क्षेत्रदर्शन राहून जाते. ‘करवीरमाहात्म्या’त ज्या भूमीचा महिमा वर्णिला आहे, ती केवळ गाभाऱ्यापुरती नाही. नदी, तीर्थे, टेकड्या व उपदेवता मिळून करवीर क्षेत्र होते. या क्षेत्राची ओळख व्हावी आणि हाताशी असलेल्या एक, दोन अथवा तीन दिवसांत काय पाहावे हे ठरविणे सोपे जावे, यासाठी पुढील माहिती दिली आहे.

मंदिर : घाई न करता पाहावे असे

गाभाऱ्यासमोर भाविकास क्षणभरच थांबता येते. म्हणून मूर्तीचे स्वरूप आधी जाणून घेतल्यास दर्शनाचा तो क्षण अधिक सार्थ होतो. देवीची मूर्ती पाषाणाची, चतुर्भुज आणि उभी आहे. खालच्या उजव्या हातात म्हाळुंग, वरच्या उजव्या हातात गदा, वरच्या डाव्या हातात खेटक म्हणजे ढाल आणि खालच्या डाव्या हातात पानपात्र आहे. मस्तकी नाग, लिंग व योनी ही चिन्हे असून मागे सिंह आहे. वस्त्रालंकारांमुळे हे सर्व तपशील एरवी दिसत नाहीत. देवीचे मुख पश्चिमेस आहे, ही गोष्ट विशेष ध्यानी ठेवावी. तिचे महत्त्व पुढे येईल.

देवीच्या दोन्ही बाजूंस श्री महाकाली व श्री महासरस्वती यांची स्थाने आहेत, तर देवीच्या गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर मातृलिंग आहे. मंदिराचा सर्वांत जुना भाग चालुक्य काळातील मानला जातो. पुढे शिलाहार व यादव काळात त्यात भर पडत गेली. कोल्हापूरचे शिलाहार राजे आपल्या लेखांत स्वतःस ‘श्रीमहालक्ष्मीलब्धवरप्रसाद’, म्हणजे महालक्ष्मीचा वरप्रसाद लाभलेले, असे बिरुद लावीत. राजसत्तेने आपली ओळखच देवीच्या नावे सांगावी, इतके हे नाते जवळचे होते.

दर्शनानंतर बाहेरून एक प्रदक्षिणा सावकाश करावी. काळ्या पाषाणाची भिंत सरळ नाही. ती कोनाकोनांनी आत-बाहेर होत जाते आणि त्यामुळे सकाळच्या व सायंकाळच्या उन्हात तिच्यावर छायाप्रकाशाचे उभे पट्टे उमटतात. त्या कोनांवर वादक, नर्तकी व सुरसुंदरी यांची शिल्पे आहेत. माथ्यावरची शिखरे पुढील काळातील असल्याने खालचा कोरीव पाषाण व वरचे चुनेगच्ची काम यांतील फरक सहज ओळखता येतो. पूर्व दरवाजाजवळील शेषशायी विष्णूचे स्थान आणि आवारातील नवग्रहांचे मंदिरही पाहावे.

या मंदिराने संकटाचा काळही पाहिला आहे. मोगली आक्रमणांच्या धामधुमीत देवीची मूर्ती मंदिरात राहिली नव्हती. ती पुजाऱ्यांच्या घरी जपून ठेवण्यात आली होती. करवीरचे छत्रपती संभाजी महाराज यांच्या कारकिर्दीत १७१५ मध्ये विजयादशमीच्या मुहूर्तावर तिची मंदिरात पुनःप्रतिष्ठा झाली. आजचा भाविक ज्या मूर्तीपुढे हात जोडतो, ती अशा रीतीने भक्तांच्या हातांनी जपली गेल्यामुळेच आपल्यापर्यंत पोहोचली आहे. शतकानुशतकांच्या पूजोपचारांनी झिजलेल्या या मूर्तीचे २०१५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांकडून रासायनिक संवर्धन करण्यात आले.

किरणोत्सव : नगरातून येणारा प्रकाश

देवी पश्चिमाभिमुख असल्याचे रहस्य किरणोत्सवात उलगडते. दरवर्षी ९, १० व ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी या दिवशी मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून आत येतात. गरुड मंडप, गणपती चौक, कासव चौक, पितळी उंबरा आणि चांदीचा उंबरा अशी वाट चालत ती गाभाऱ्यात पोहोचतात. परंपरेनुसार पहिल्या दिवशी किरणे देवीच्या चरणांना, दुसऱ्या दिवशी मध्यभागाला आणि तिसऱ्या दिवशी मुखाला स्पर्श करतात. हा सारा सोहळा काही मिनिटांचा असतो.

यामागील गणित समजून घेण्याजोगे आहे. सूर्य रोज क्षितिजाच्या त्याच बिंदूवर मावळत नाही. हिवाळ्याकडे जाताना तो दक्षिणेकडे सरकत जातो, २१-२२ डिसेंबरला दक्षिणेच्या टोकास पोहोचतो आणि तेथून परत फिरतो. नोव्हेंबरातील किरणोत्सव या दिवसापूर्वी सुमारे सहा आठवडे आणि फेब्रुवारीतील किरणोत्सव त्यानंतर सुमारे सहा आठवडे येतो. म्हणजेच दोन्ही वेळी सूर्य क्षितिजावर जवळजवळ एकाच ठिकाणी मावळतो. मंदिराचा रोख त्या मावळतीशी जुळविणाऱ्या स्थपतींची निरीक्षणशक्ती किती सूक्ष्म असेल, याची यावरून कल्पना येते.

येथे एक गोष्ट भाविकांनी मनाशी धरावी. देवीच्या चरणांवर येणारा हा प्रकाश रंकाळ्याच्या बाजूने, दाट वस्तीवरून आणि गजबजलेल्या महाद्वार रस्त्यावरून येतो. आकाशात ढग, धूळ वा बाष्प असले अथवा वाटेत उंच बांधकाम आले, तर तो गाभाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. काही वर्षी किरणे चरणांपर्यंत येऊनच लुप्त झाली आहेत आणि किरणांच्या वाटेतील इमारतींचा प्रश्न नगरात वारंवार चर्चिला गेला आहे. मंदिर कितीही जपले, तरी त्याभोवतीचे नगर जपले नाही तर देवीचा हा सोहळा उणा पडतो. क्षेत्र आणि नगर वेगळे नाहीत, हे किरणोत्सवाइतके स्पष्टपणे दुसरे काहीही सांगत नाही.

पश्चिमेस रंकाळा

किरणांच्या वाटेने उलट निघाल्यास महाद्वारातून बाहेर पडून, बिनखांबी गणेश मंदिराचे दर्शन घेऊन, भाविक थोड्याच वेळात रंकाळा तलावावर पोहोचतात. बिनखांबी गणेश मंदिर नावाप्रमाणे आतून खांबांविना उभे आहे. रंकाळ्याच्या जागी पूर्वी दगडाची खाण होती, मंदिरांसाठी येथूनच पाषाण काढला जाई आणि पुढे भूकंपाने जमीन खचून येथे पाण्याचा साठा झाला, असे परंपरा सांगते. तलावातील संध्यामठ पाणी ओसरल्यावर पूर्णपणे दृष्टीस पडतो. काठावर नंदीचे मंदिर आहे. पलीकडे दिसणारा शालिनी पॅलेस १९३१ ते १९३४ या काळात बांधला गेला.

येथे सूर्यास्तापूर्वी अर्धा तास तरी पोहोचावे. किरणोत्सवाच्या दिवसांत मंदिरात गर्दीमुळे थांबता आले नाही, तरी रंकाळ्याच्या काठावरून तीच मावळती पाहता येते. गेल्या काही दशकांत सांडपाणी व जलपर्णी यांमुळे या तलावास त्रास पोहोचला आहे आणि त्याच्या शुद्धीसाठी नागरिकांना वेळोवेळी आवाज उठवावा लागला आहे. काठावर खाद्यपदार्थांची दुकाने पुष्कळ आहेत. तेथील कागद व पिशव्या पाण्यात जाणार नाहीत, एवढी काळजी प्रत्येक पाहुण्याने घ्यावी.

उत्तरेस पंचगंगा व ब्रह्मपुरी

कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती या चार नद्या आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा झाली, अशी श्रद्धा आहे. नगरापासून जवळच असलेल्या प्रयाग चिखली येथे हा संगम मानला जातो. नगरातील पंचगंगा घाट पहाटे पाहावा. दगडी पायऱ्या, दीपमाळा, लहानमोठी देवालये आणि राजघराण्यातील व्यक्तींच्या समाध्या यांमुळे या परिसराला एक गंभीर शांतता लाभली आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या पहाटे येथे हजारो पणत्या उजळतात. पावसाळ्यात मात्र घाट पाण्याखाली जातो. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी महापुराचे पाणी नगराच्या वस्तीत शिरले होते. म्हणून जून ते सप्टेंबर या काळात पाण्याची स्थिती विचारल्याशिवाय घाटावर उतरू नये.

घाटाजवळच ब्रह्मपुरी ही टेकडी आहे. येथे १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननाने कोल्हापूरचा इतिहास मंदिराच्याही मागे, सातवाहन काळापर्यंत नेला. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत येथे समृद्ध वस्ती होती आणि तिचा दूरदेशीच्या व्यापाराशी संबंध होता. ब्रह्मपुरीत सापडलेली पॉसिडॉन या ग्रीक समुद्रदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती त्याची साक्ष देते. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे, आणि समुद्राचा देव मात्र पंचगंगेच्या काठी! ही मूर्ती व उत्खननातील अन्य वस्तू टाऊन हॉल येथील वस्तुसंग्रहालयात आहेत. टाऊन हॉलची वास्तूही एकोणिसाव्या शतकातील असून तिच्याभोवती वृक्षराजीने भरलेली बाग आहे. संग्रहालयाची वेळ व साप्ताहिक सुटी आधी विचारून जावे.

राजनगरी : भवानी मंडप ते नवा राजवाडा

करवीर राज्याची राजधानी प्रथम पन्हाळ्यावर होती. ती १७८२ मध्ये कोल्हापुरास आली आणि देवीच्या नगरास राजनगरीचे रूप आले. मंदिरापासून अगदी जवळ, पायी जाण्याच्या अंतरावर भवानी मंडप व जुना राजवाडा आहे. येथील श्री तुळजाभवानीचे दर्शन घेण्याची अनेक कुटुंबांची रीत आहे. मंडपाच्या प्रवेशाशी असलेला उंच नगारखाना थांबून पाहावा.

तेथून पुढे गेल्यास खासबाग कुस्ती मैदान लागते. राजर्षी शाहू छत्रपती १९०२ मध्ये युरोपात गेले असता त्यांनी रोममधील प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्याच धर्तीवर १९१२ मध्ये हे मैदान उभे केले. मधला हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी रचना असल्याने शेवटच्या रांगेतील प्रेक्षकासही कुस्ती विनाअडथळा दिसते. शेजारीच महाराजांच्या काळातील नाट्यगृह आहे. पुढे त्यास संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव देण्यात आले. ८ ऑगस्ट २०२४ रोजी लागलेल्या आगीत या वास्तूची फार मोठी हानी झाली आणि सारे नगर हळहळले. तिच्या पुनर्उभारणीचे काम त्यानंतर हाती घेण्यात आले. मल्लविद्या जवळून पाहण्याची इच्छा असणाऱ्यांनी गंगावेस, शाहूपुरी अथवा मोतीबाग यांपैकी एखाद्या तालमीस सकाळी भेट द्यावी. मात्र तालीम हे मल्लांचे साधनास्थान आहे. तेथे अनुमती घेऊनच प्रवेश करावा आणि पादत्राणे बाहेर ठेवावीत.

शाहू महाराजांचे खरे स्मारक त्यांच्या वास्तूंपेक्षा त्यांच्या कार्यात आहे. १८९४ मध्ये राज्यसूत्रे हाती घेतल्यावर त्यांनी शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ वसविली. १९०२ मध्ये मागासलेल्या समाजांसाठी राज्याच्या नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा कायदा केला. विविध जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या प्रेरणेने सुरू झालेली वसतिगृहे दसरा चौकाच्या परिसरात आजही दिसतात. याच चौकात विजयादशमीस शाही थाटात सोने लुटण्याचा सोहळा होतो. महाराजांचे जन्मस्थान असलेला कसबा बावड्यातील लक्ष्मीविलास पॅलेसही पाहण्याजोगा आहे.

नवा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात मेजर चार्ल्स मँट या स्थापत्यविशारदाच्या आराखड्यानुसार बांधला गेला. घडीव काळ्या दगडाची ही भव्य वास्तू मंदिरातील पाषाणकामाची आठवण करून देते. तेथील संग्रहालयात शस्त्रे, वस्त्रे व राजचिन्हे आहेत. दरबार दालनातील रंगीत काचांवर छत्रपती शिवाजी महाराजांच्या चरित्रातील प्रसंग चितारले आहेत. लहान मुलांसह आलेल्या कुटुंबांनी या संग्रहालयास किमान दीड तास द्यावा.

पूर्वेस त्र्यंबोली

नगराच्या पूर्वेस टेंबलाईची टेकडी आहे. श्री त्र्यंबोली ही अंबाबाईची सखी मानली जाते. कोल्हासुराच्या वधानंतर सखीचा झालेला रुसवा काढण्यासाठी स्वतः अंबाबाई तिच्या भेटीस गेली, अशी कथा आहे. नवरात्रातील ललिता पंचमीस देवीची पालखी या टेकडीवर जाते आणि कोहळा फोडण्याचा विधी होतो. एरवीच्या दिवशी येथे गर्दी नसते आणि वरून नगराचा विस्तार दृष्टीस पडतो. जगन्मातेनेही रुसलेल्या मैत्रिणीसाठी चालत जावे, ही कल्पना करवीरच्या लोकमानसाची कोवळी बाजू दाखविते.

जोतिबा व पन्हाळा

वाडी रत्नागिरी येथील श्री जोतिबाचे दर्शन हा करवीर यात्रेचा अविभाज्य भाग होय. हे स्थान नगराच्या वायव्येस सुमारे १८ किलोमीटरवर डोंगरावर आहे. आजचे मुख्य मंदिर १७३० मध्ये ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील राणोजी शिंदे यांनी बांधविले. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत उंच सासनकाठ्या नाचविल्या जातात आणि गुलालाने डोंगर न्हाऊन निघतो. ‘चांगभलं’च्या गजराने भारलेली ही यात्रा अनुभवावी अशीच आहे. परंतु वृद्ध व बालके यांच्यासह येणाऱ्यांनी यात्रेचे दिवस तसेच रविवार व पौर्णिमा टाळून अन्य दिवशी यावे.

जोतिबाहून पन्हाळा जवळ आहे. कोल्हापूरहून थेट गेल्यास हे अंतर सुमारे २० किलोमीटर भरते. शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळापासून या गडाचे महत्त्व आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून छत्रपती शिवाजी महाराज याच गडावरून निसटले. महाराजांचा वेष घेऊन शत्रूच्या हाती गेलेले शिवा काशीद आणि खिंड लढविणारे बाजीप्रभू देशपांडे यांच्या स्मृतीस येथे वंदन करावे. तीन दरवाजा, अंधारबाव, सज्जाकोठी आणि धान्याची अंबारखाना ही प्रचंड कोठारे पाहिल्यावाचून परतू नये. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले, त्यांत पन्हाळ्याचा समावेश आहे.

नरसोबावाडी व खिद्रापूर

ज्यांच्याजवळ आणखी एक दिवस आहे, त्यांनी पंचगंगेच्या प्रवाहाबरोबर पूर्वेकडे जावे. सुमारे ५० किलोमीटरवर नृसिंहवाडी म्हणजेच नरसोबाची वाडी येथे पंचगंगा कृष्णेस मिळते. श्री नृसिंह सरस्वती स्वामींच्या वास्तव्याने पावन झालेल्या या दत्तक्षेत्री औदुंबरातळी त्यांच्या मनोहर पादुका आहेत. पावसाळ्यात नदीचे पाणी चढून पादुकांवरून वाहू लागते आणि दक्षिणेकडील दाराने बाहेर पडते. त्या पाण्यात स्नान करण्याच्या पर्वणीस दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. येथील बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी प्रसिद्ध आहे.

येथे भाविकांनी क्षणभर थांबून एक विचार करावा. कोल्हापूरच्या घाटावरून वाहिलेले पाणीच येथे दत्तपादुकांना स्नान घालते. घाटावर सोडलेले निर्माल्य व प्लास्टिकच्या पिशव्या यांचा प्रवासही याच दिशेने होतो. एका तीर्थावर टाकलेली घाण दुसऱ्या तीर्थावरील देवाच्या चरणांपर्यंत जाते, याहून स्वच्छतेचा निराळा उपदेश करण्याची आवश्यकता नाही.

वाडीपासून पुढे कृष्णेकाठी खिद्रापूर येथे श्री कोपेश्वराचे शिलाहारकालीन मंदिर आहे. येथील स्वर्गमंडप अठ्ठेचाळीस खांबांवर उभा आहे. त्याचे छत मधोमध वर्तुळाकार मोकळे ठेवलेले असून त्या वर्तुळाच्या बरोबर खाली तेवढीच गोल शिळा आहे. त्या शिळेवर उभे राहून वर पाहिल्यास कोरीव पाषाणाच्या चौकटीत आकाश दिसते. बाहेरच्या बाजूस मंदिराचा भार पेलणारे हत्ती आणि यादव राजा सिंघण याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आहे. करवीरच्या मंदिरात मावळतीचे किरण आत घेतले, तर येथे आकाशच मंडपात उतरविले. दोन्ही ठिकाणी प्रकाशाला वाट करून देणारी शिल्पपरंपरा एकच आहे. येथे गर्दी कमी असल्याने शिल्पे निवांत पाहता येतात.

दिवसांची आखणी

एकच दिवस असल्यास पहाटे पंचगंगा घाट, त्यानंतर देवीचे दर्शन व मंदिराची बाहेरून प्रदक्षिणा, भवानी मंडप, दुपारी टाऊन हॉल अथवा नवा राजवाडा यांपैकी एक संग्रहालय आणि सूर्यास्तास रंकाळा असा क्रम ठेवावा. सारे काही पाहण्याची धडपड करू नये.

दोन दिवस असल्यास दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जोतिबा व तेथून पन्हाळा करून सायंकाळी नगरात परतावे. पावसाळ्यात गडावर दाट धुके असते. म्हणून वाहन सावकाश चालवावे.

तीन दिवस असल्यास तिसरा दिवस नरसोबावाडी व खिद्रापूर यांना द्यावा. खिद्रापूर आधी आणि वाडीची सायंकाळची आरती नंतर, असा क्रम सोयीचा होतो.

शुक्रवारी, मंगळवारी, पौर्णिमेस, नवरात्रात आणि शाळांच्या सुट्ट्यांत दर्शनाची रांग लांबते. अशा दिवशी पहाटेची वेळ उत्तम. शुक्रवारी रात्री देवीची पालखी निघते, ती पाहण्यासाठी मुक्काम ठेवल्यास समाधान लाभते.

खरेदीसाठी मंदिरालगतची गुजरी सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी, विशेषतः कोल्हापुरी साजासाठी, प्रसिद्ध आहे. कोल्हापुरी चपलेस २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. खरी चप्पल चामड्याची व हाताने शिवलेली असते, हे पाहून घ्यावे. हिवाळ्यात येणाऱ्यांनी नगराबाहेरील एखाद्या गुऱ्हाळावर ताजा गूळ व काकवी अवश्य चाखावी. गंगावेशीतील दूधकट्ट्यावर म्हशीचे धारोष्ण दूध समोर काढून देण्याची चाल हेही या नगराचे वैशिष्ट्य आहे.

भाविक व दात्यांस विनंती

भाविकांनी मंदिराच्या कोरीव भिंतींस तेल, कुंकू अथवा हळद लावू नये, खांबांवर नाणी चिकटवू नयेत व शिल्पांना टेकून छायाचित्रे काढू नयेत. पाषाण कठीण असला तरी हजारो हातांचा स्पर्श त्याला झिजवितो. निर्माल्य नदीत वा तलावात न सोडता त्यासाठी ठेवलेल्या कुंडातच टाकावे. ओटीचे साहित्य शक्यतो कापडी पिशवीतून आणावे.

दान देणाऱ्यांनी ते अधिकृत कक्षात अथवा दानपेटीतच द्यावे व रोख देणगीची पावती आग्रहाने घ्यावी. दर्शन लवकर घडवून देतो असे सांगणाऱ्या अनोळखी व्यक्तींच्या हाती पैसे देऊ नयेत. सुवर्णालंकार, वस्त्रे व नैवेद्य यांसाठी दान देण्याची परंपरा मोठी आहे आणि ती श्रद्धेने चालत राहील. त्याबरोबरच अन्नदान, परिसराची स्वच्छता, कुंडांची शुद्धी आणि जुन्या बांधकामाचे जतन यांसाठी दिलेले दानही देवीच्याच चरणी रुजू होते, हे दात्यांनी ध्यानात घ्यावे. आवारातील मणिकर्णिका कुंड विसाव्या शतकात बुजविले गेले होते. ते पुन्हा मोकळे करण्यासाठी अलीकडच्या वर्षांत उत्खनन करावे लागले. एक पिढी जे बुजविते, ते उकरण्याचे कष्ट पुढच्या पिढ्यांना पडतात.

चालुक्य, शिलाहार व यादवांच्या काळातील अनाम कारागिरांनी हे मंदिर घडविले, संकटकाळात पुजाऱ्यांनी मूर्ती जपली, छत्रपतींनी तिची पुनःस्थापना केली आणि नगरवासीयांनी आजवर तिची सेवा केली. या मालिकेत परगावाहून येणारा भाविकही सामील आहे. त्याने दोन घटका अधिक थांबून हे क्षेत्र डोळे भरून पाहावे आणि जसे पाहिले तसेच, किंबहुना थोडे अधिक स्वच्छ, पुढच्या यात्रेकरूसाठी ठेवून जावे. श्री अंबाबाईच्या कृपेने सर्वांची यात्रा सुखरूप व सफल होवो, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना.